शिन या अक्षराच्या चार करंड्या

१४ मार्च १९८३, सोमवार

रविवारी दुपारी जेवणाची भांडी उचलली की आमच्या टेबलावर बाबांचा पसारा मांडला जायचा. कात्री, खळीची वाटी, पिवळट कागदाची चवड. बाबा शब्दकोशाच्या नोंदींसाठी कागदाची कार्डं कापायचे, मी ती पंचवीस-पंचवीसच्या गठ्ठ्यांत बांधायची आणि च्याओमावशी टेबलाखाली रांगत तुकडे वेचायची. कोरा तुकडा चुलीत. अक्षर असलेला तुकडा, मग तो नखाएवढा का असेना, भिंतीवरच्या करंडीत. मावशी आमच्याकडे कामाला होती, तिला स्वतःचं नावसुद्धा वाचता येत नव्हतं. "अक्षरावर पाय देशील तर म्हातारपणी डोळे जातील," असं ती मला दटावायची. महिन्याच्या पहिल्या तिथीला ती करंडी घेऊन विद्येच्या देवाच्या देवळात जायची आणि तिथल्या दगडी मनोऱ्यात ते कागद जाळून यायची. अक्षराला चुलीची आग चालत नाही म्हणे.

अशाच एका रविवारी मी, वय वर्षं बारा, कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातून सुटीला आलेली, बाबांना एक जुनं पत्र मोठ्यानं वाचून दाखवत होते. सोळाशे वर्षांपूर्वी कुणा तालुक्याच्या अधिकाऱ्यानं मित्राला लिहिलेलं. "तुमचे शिन पावसात आले, चिंब भिजलेले. शेगडीपाशी सुकवले. सकाळी उत्तर देऊन पाठवले." मी वाचता वाचता थांबले. "बाबा, हे तर पत्र! शेगडीपाशी कागदच सुकवतात ना?"

बाबांची कात्री हवेतच राहिली. त्या काळी शिन म्हणजे निरोप्या, निरोप घेऊन येणारा माणूस. पत्र हा अर्थ त्यानंतर तीनशे वर्षांनी आला, असं सगळे पंडित सांगायचे. बाबांनी मला उचलून खुर्चीवर उभं केलं. कार्ड लिहिलं आणि कोपऱ्यात बारीक अक्षरात टिपलं : 'शोधले : आझन, वय १२.'

पुढे दर नव्या वर्षाला पाहुणे जमले की मी ही गोष्ट सांगायची. बाबा तेवढ्यात उठून तांदळाची दारू गरम करायला जायचे. नेमके तेव्हाच. आणि दोन पेले भरून माझ्यासमोर ठेवायचे.

आज हे सगळं वर आलं, कारण पांगसरांनी सकाळी अक्षरं वाटली. आमच्या कोशाचे ते प्रमुख. मी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली बाई. जुनं वाचणारी माणसं उरली नाहीत म्हणून मला बोलावलेलं. चहाची बरणी हातात धरून ते टेबलामागून टेबल पुढे सरकत होते. माझ्यापाशी आले. "मिनबाई, तुम्हाला शिन."

मी चटकन उठून उभीच राहिले. पन्नास वर्षांपूर्वी बाबांना एका कोशासाठी हेच अक्षर मिळालं होतं. तो कोश कधी छापला गेलाच नाही.

"काय झालं? अवघड वाटतंय का?"

"नाही हो. बसूनच राहवेना."

चौदा मेला आमचा खंड बंद होणार. अर्थ कितीही सुंदर असला तरी कार्डाचा पुरावा नसेल तर तो गळणार, आणि कार्डाच्या दोन्ही बाजू बघितल्याशिवाय सही करायची नाही, हे पांगसरांचे दोन नियम. कॉन्व्हेंटातल्या मदर ओदीलही गणिताच्या वहीचं मागचं पान आधी बघायच्या.


१६ मार्च

अक्षराच्या डावीकडे उभ्या माणसाची खूण, उजवीकडे बोलण्याची. आपल्या बोलण्याशेजारी उभा राहिलेला माणूस म्हणजे शिन. म्हणून खरेपणा, विश्वास. पण हे अक्षर तिथं थांबत नाही! विश्वास पटवणारी खूण, तीही शिन. ठरल्या वेळी येतं ते शिन : समुद्राची भरती, आणि वसंतातले ते चोवीस वारे, ज्यांतला एकेक वारा एकेका फुलाची वर्दी घेऊन येतो. सैन्यानं एका गावी एक रात्र काढली तर त्याला वेगळं अक्षर, दोन रात्री काढल्या तर शिन, त्याहून जास्त राहिलं तर तिसरंच. वाकलेलं बोट सरळ करणं, शिन. पाय नेतील तिकडे जाणं, हात फिरेल तसं लिहिणं, तेही शिन. एवढं इमानी अक्षर आणि त्याच्याच पोटात असा मोकाट अर्थ! आणि सोमल विषाचंही हेच नाव, कारण ते ज्या प्रांतातून यायचं त्याचं नाव शिन.

सतरा अर्थ झाले. मी धावत जाऊन पांगसरांना सांगितलं.

"बाई, कादंबरी नाही लिहायची. नोंद लिहायचीय."

"पण सर, दोन रात्रींसाठी वेगळं अक्षर! कुणाला सुचलं असेल?"

"ज्याला तिसऱ्या रात्री कुणी जेवायला घातलं नसेल त्याला," ते म्हणाले आणि सिगारेट शोधू लागले.


२३ मार्च

आज अठरावा. वैद्यकाच्या जुन्या पोथ्यांत बायकांच्या महिन्याच्या पाळीलाही शिन म्हणतात. ठरल्या वेळी येते म्हणून. पांगसर कार्ड वाचता वाचता कानापर्यंत लाल झाले. "ही व्याख्या… ही तुम्हीच लिहा."

"बरोबर आहे ना पण?"

"मला काय विचारता? तीन मुलगेच आहेत मला."

घरी येईपर्यंत हसत होते. डाव्या डोळ्यातलं धुकं मात्र वाढलंय. मावशी म्हणेल, कुठल्या तरी अक्षरावर पाय पडला असणार.

पत्र या अर्थाचा बाबांचा पुरावा माझ्याकडे नाही. पुस्तकही नाही, कार्डही नाही. सगळे घेतात तोच तीनशे वर्षं नंतरचा पुरावा द्यावा लागणार. हात लिहितो, मन लिहू देत नाही.


२९ मार्च

पाऊस. दार वाजलं, बघते तो फूमेई, च्याओमावशीच्या भावाची नात, सूत गिरणीत काम करते. गावाहून तीन तास बसनं आली आणि नखशिखांत भिजलेली. आधी तिला कोळशाच्या शेगडीपाशी बसवलं, जाकीट खुर्चीवर वाळत घातलं, तांदळाची दारू गरम करून दोन पेले पाजले तेव्हा कुठे तिच्या दातांची कडकड थांबली. बांबूचे कोवळे कोंब पाठवलेत मावशीनं. आणि निरोप : "ताईला सांग, देवळातला मनोरा पुन्हा बांधला. नव्या महिन्याच्या पहिल्या तिथीला पहिली आग लागणार. माझं राहिलेलं काम मी त्या दिवशी उरकून टाकते. तिला यायचं तर आधी ये म्हणावं."

"कसलं राहिलेलं काम गं?"

"मला नाही सांगत. म्हणते, तिला सांग, तिला कळेल."

मला काही कळलं नाही. चौऱ्याऐंशी वर्षांची झाली, एकटेपणा खातो, कुणी यावंसं वाटतं. फूमेई रात्री राहिली. सकाळी उत्तर देऊन पाठवेन : काम बंद झालं की मे महिन्यात येते. बरोबर खडीसाखर.


३ एप्रिल, रविवार

मावशीचा निरोप आल्यापासून सहासष्ट सालचा तो दिवस डोक्यातून जात नाही. इथे तरी खरं लिहावं.

गल्लीत जुन्या पुस्तकां-कागदांसाठी घरोघर झडत्या चालल्या होत्या. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, इंग्रजी शिकवणारी. आमचा नंबर ठरलेला. बाबा जाऊन सात वर्षं झाली होती. त्यांची कार्डं माडीवर गठ्ठ्यागठ्ठ्यांनी होती. मी शाळेत सभेला निघाले आणि दारातून मावशीला म्हटलं, "वरचं सगळं चुलीत घाल. मी येईपर्यंत एक कागद राहता कामा नये." आवाज चढवून म्हटलं. आयुष्यात तिच्यावर तेवढाच एकदा. परत आले तो माडी रिकामी आणि चूल राखेनं भरलेली. मावशी आपलं बोचकं-वळकटी घेऊन त्याच दुपारी गावी गेली होती. माझ्यावर रागावून गेली असंच मी धरून चालले.

दर वर्षी मी तिच्याकडे जाते. त्या राखेबद्दल ना मी विचारलं, ना ती बोलली.


५ एप्रिल



बाबांच्या कबरीवर गेले होते, आज पितरांचा दिवस. कबर आधीच झाडून ठेवलेली, फूमेई तिथं उभी. "आजी म्हणाली, तू इथं भेटशीलच. छत्री घेऊन ये म्हणाली, पाऊस लागला तर चार करंड्या झाकायला लागतील."

"कसल्या करंड्या?"

"कागदाच्या. तुझ्या बाबांचे ते चौकोन नाहीत का? माळ्यावर टांगलेत ते. तेच जाळायचेत ना तेराला, पहिल्या तिथीला?"

मी कबरीच्या कट्ट्यावर बसले. मग उठले आणि धूप लावायचा सोडून कचेरीकडे सुटले. पांगसर ओळी तपासत होते.

"सर, रजा हवीय. शिन मिळालंय. चार करंड्या!"

"कुठं?"

"माळ्यावर!"

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं. बहुतेक मला ताप आहे असं वाटलं असावं. "किती दिवस?"

"दोन रात्री."

"म्हणजे शिनच," ते म्हणाले आणि सही केली.


८ एप्रिल

परत आले. आता सावकाश लिहिते, नाहीतर हात मोकाट सुटेल.

मावशी उंबऱ्यावर बसून तुतीची पानं निवडत होती. "आलीस? फूमेईकडून निरोप धाडला तर खडीसाखर पाठवलीस. बहिरी झालीस का आंधळी?"

"मावशी, तू जाळली नव्हतीस?"

"जाळणार कशी? तू म्हणालीस चुलीत घाल. अक्षर चुलीत घालतात का? मनोऱ्यात न्यावं म्हणून निघाले, तर त्याच आठवड्यात मनोरा पाडला मेल्यांनी. मग काय, थांबले."

"सतरा वर्षं?"

"कुणी बांधायलाच घेतला नाही. त्यात माझा काय दोष?"

"आणि चुलीतली राख?"

"पेंढ्याची. तू आल्या आल्या चूल बघणार हे ठाऊक होतं मला."

माळ्यावर चार करंड्या टांगलेल्या, वर तुतीच्या पानांचा थर. गावातही झडती आली होती म्हणे, दंडाला लाल पट्ट्या बांधलेली पोरंपोरी. मावशीनं त्यांना दारातच अडवलं. "म्हटलं, रेशीमकिड्यांच्या अंड्यांचे कागद आहेत. तंबाखूच्या हातानं शिवलात आणि अंडी मेली, तर अख्ख्या गावाचं रेशीम गेलं. मग सभेत उभं राहून तुम्हीच उत्तर द्या. माघारी पळाले."

मी हसले नि रडले. एखाद्याची श्रद्धा किती साधी असते! मी सांगितलेलं काम तिला पार पाडायचंच होतं, पण रीतीनं. त्या रीतीपायी बाबा वाचले आणि हिला त्याचा पत्ताही नाही. तेराला ती खरंच सगळं मनोऱ्यात घालणार होती. करंड्या दाराशी आणायला माणसंही सांगून ठेवली होती म्हणे. खिडकीत काड्यापेटी तयार होती. ती मी हळूच उचलून खिशात टाकली, न जाणो. बसमध्ये उघडून बघितली तर रिकामी. विसराळू झालीय बिचारी.

पहिल्या संध्याकाळी निघते म्हटलं, तर म्हणाली, "एक रात्र राहून जातात ते फेरीवाले. बस मुकाट्यानं." दोन रात्री राहिले. कोंब घालून भात, खारवलेली मोहरीची पानं. ती माझं डोकं चेपत बसली, मी बासष्ट वर्षांची.

एक करंडी मांडीवर घेऊन आले. बाकीच्या तीन फूमेई होडीनं पाठवतेय.


१३ एप्रिल

चारही करंड्या कचेरीत. मला वाटलं होतं शे-दोनशे कार्डं असतील. अकराशे आहेत! आणि सगळी शिन. बाबांचं ते अक्षर, उजवीकडे किंचित कललेलं, चालताना ते स्वतः कलायचे तसं. एकेक गठ्ठा सोडते आणि खळीचा वास येतो. पांगसर येता-जाता एखादं कार्ड उचलतात, वाचतात आणि दोन्ही बाजू बघून जागेवर ठेवतात. काल त्यांनी माझ्यासाठी भिंग आणून ठेवलं. घरी पडलं होतं म्हणाले. त्याच्यावर दुकानाचा कागद अजून तसाच होता.

दोन रात्रींच्या मुक्कामाला बाबांनी सहा पुरावे जमवलेत. माझ्याकडे एकच होता. भरतीला नऊ.

माझं कार्ड अजून सापडलेलं नाही.


१९ एप्रिल

तिसरी करंडी संपली. नाही.


२६ एप्रिल

सापडलं! सापडलं! सापडलं!

चौथ्या करंडीच्या तळाशी. 'पत्र' या गठ्ठ्यात नव्हतंच, 'निरोप्या'च्या गठ्ठ्यात शिरलेलं. हलवाहलवीत इकडचं तिकडे झालं असणार. 'तुमचे शिन पावसात आले, चिंब भिजलेले. शेगडीपाशी सुकवले.' आणि कोपऱ्यात मी. वय १२. मी एवढ्यानं ओरडले की खालचा पहारेकरी वर आला.

"सर! पत्र! तीनशे वर्षं आधी! पंडितांची नोंद बदलावी लागेल!"

पांगसरांनी कार्ड खिडकीपाशी नेलं. पुष्कळ वेळ उभे राहिले. परत येऊन ते माझ्या टेबलावर अगदी अलगद ठेवलं.

"बाई, मागची बाजूही एकदा उजेडात बघा."

"बघितली सर. करंडीला आतून लावलेल्या लाल कागदाचे डाग आहेत नुसते."

"हं," ते म्हणाले. मग, "मोठा दिवस आहे तुमचा. आज लवकर घरी जा." आणि हळूच, "वडिलांनी नाव घातलंय तुमचं. माझ्या वडिलांनी माझं नाव फक्त मार देताना घेतलं."

बाबा, आज तुम्ही हवे होता.


२८ एप्रिल

प्रांताच्या मुख्य कचेरीतून तार आली. पुरावा मोलाचा, कार्ड ताबडतोब पाठवा, शक्य तर प्रस्तावनेत उल्लेख करू. प्रस्तावनेत! मी तार चारदा वाचली. सगळ्यांना तिळाच्या वड्या वाटल्या. पांगसरांनी वडी घेतली, पण तोंडात टाकली नाही. "कार्ड सोमवारी टपालात टाकू," म्हणाले. "रविवार आहे मध्ये."

रविवारचा काय संबंध कोण जाणे.


१ मे, रविवार

सकाळी ऊन छान पडलं होतं. टेबल खिडकीपाशी ओढलं. पाठवण्याआधी कार्डाची नक्कल करून ठेवावी म्हणून पांगसरांचं भिंग घेतलं. पुढची बाजू झाली. मदर ओदीलची आठवण झाली आणि कार्ड उलटलं.

ते डाग नव्हते. लाल शाई विटून गुलाबी झाली होती. बाबांचं अक्षर, सदतीस सालची तारीख.

'एका संग्राहकाकडे याच पत्राची जुनी छपाई पाहिली. आमच्या प्रतीतून एक ओळ गळाली आहे. शेगडीपाशी सुकवले, यापुढे : दोन पेले गरम दारू दिली. कागद दारू पीत नाही. तेव्हा हा निरोप्याच. कार्ड त्या गठ्ठ्यात हलवले. वाचन चुकले, कान मात्र चांगला आहे. आझनला ती विचारील तेव्हाच सांगावे.'

मी विचारलंच नाही. बावीस वर्षं दर नव्या वर्षाला पाहुण्यांना गोष्ट सांगत राहिले, आणि बाबा उठून दोन पेले गरम करून माझ्यासमोर ठेवत राहिले. दर वर्षी. दोन पेले. बाबा, तुम्ही केवढी वाट बघितलीत!

आणि फूमेई! महिन्याभरापूर्वी माझ्याच शेगडीपाशी निरोप्या भिजून आला होता. मीच त्याला सुकवलं, मीच दोन पेले पाजले, सकाळी उत्तर देऊन पाठवलं. हे सगळं याच वहीत लिहिलंय, आत्ता मागे जाऊन वाचलं. तरी मला कागदच दिसत होता.

खरं लिहायचं तर दुपारी एक विचार आला. शाई इतकी विटलीय की पुढच्या पावसाळ्यात ती दिसणारही नाही. ती जुनी छपाई कुठे आहे, आहे की नाही, कुणाला ठाऊक? माझ्या हातून जगात एवढा एकच शोध लागला होता. अर्धा तास कार्ड तसंच पुढची बाजू वर करून ठेवलं होतं. चहा निवला.

मग माझं मलाच हसू आलं. समोर अक्षर कुठलं होतं तर शिन.


२ मे

कार्ड उलटं करून पांगसरांपुढे ठेवलं.

"दिसलं तर," ते म्हणाले.

"तुम्हाला मंगळवारीच दिसलं होतं!"

"माझा डोळा अजून शाबूत आहे."

"मग बोलला का नाहीत?"

"नियम दोनच आहेत माझे, मिनबाई. सही करणाऱ्यानं स्वतः बघायचं." त्यांनी सिगारेट पेटवली. "ती जुनी प्रत उत्तरेकडच्या एका ग्रंथालयात आहे. अजून दहा वर्षं तरी कुणी उघडली नसती."

"हे मला आज सांगताय?"

"काल सांगितलं असतं तर आज तुम्ही मला आवडला नसतात," ते म्हणाले, आणि एवढं बोलून गेल्यावर त्यांना एकदम जुन्या ओळी तपासायची घाई झाली. विचित्र माणूस आहे.

तार मीच लिहिली. 'पुरावा पत्राचा नाही, निरोप्याचा आहे. चूक माझी, दुरुस्ती वडिलांची.' टपालखात्यातली मुलगी म्हणाली, शब्द कमी करा. एकही कमी केला नाही.


१४ मे

खंड बंद झाला. शिन या नोंदीत एकोणीस अर्थ, त्यांतल्या अकरांना बाबांचे पुरावे. 'निरोप्या'खाली आमचा तो भिजलेला माणूस आहे, शेगडी आणि दोन पेल्यांसकट, गळालेल्या ओळीसह. सगळ्या नोंदीत तो एकटाच असा आहे की ज्याच्या अंगातून वाफ निघताना दिसते. पांगसर शेवटची ओळ वाचून म्हणाले, "हा माणूस नसता तर नोंद कोरडी झाली असती." मग स्वतःच्याच विनोदानं दचकले.

मला काल-परवापासून इतका हलका आनंद का होतोय, कळत नाही. बाबांनी माझं काम तपासलं. लाडक्या लेकीचं म्हणून सोडून दिलं नाही. लाल शाई घेतली आणि तपासलं.


१७ मे

उद्या शांघायला डोळ्याची शस्त्रक्रिया. साधी असते म्हणतात. पांगसर गाडीवर सोडायला येणार आहेत, भाऊ त्याच बाजूला राहतो म्हणे. परवापर्यंत त्यांना भाऊ नव्हता. मदर ओदील शिकवायच्या, सुटीला जाताना मेज आवरून जावं. म्हणून कुणाला काय, ते लिहून ठेवते.

चारही करंड्या कोशाच्या कचेरीला. कार्डं लोखंडी कपाटात भरली तरी करंड्या फेकायच्या नाहीत.

भिजलेल्या माणसाचं कार्ड 'निरोप्या'च्या खणात, जिथं बाबांनी ठेवलं तिथेच. शाई उडायच्या आत दोन्ही बाजूंचा फोटो पांगसरांनी काढून घ्यावा. भिंगही त्यांचंच, त्यांना परत. नको म्हणाले तर माझ्यासाठी ठेवावं, डोळा बरा झाला तरी लागेल.

बाबांची शाई उगाळायची शिळा शाळेला. दोन पेले फूमेईला. तिला कारण सांगायचं, सगळं, पावसापासून.

माझ्या नोंदीचे फाटके खर्डे, शंभरएक पानं, पलंगाखालच्या पिशवीत आहेत. ते च्याओमावशीला. पहिल्या तिथीला मनोऱ्यात घालू दे, इतकी वर्षं वाट बघितलीय तिनं त्या आगीची. बरोबर काड्यापेटी द्यायला विसरू नका, भरलेली.

राहिली ही वही. हिच्यात नाही नाही ते लिहून बसलेय, कुणी वाचू नये. मला काही झालंच, तर जाळून टाका. पण चुलीत नको, आणि दुसऱ्या कुणाच्या हाती नको. च्याओमावशीला द्या आणि जाळ म्हणून सांगा. ती ते काम नीट करते.